गांडूळबाई आणि पुरलेलं बनियन

पोरांनी बाईंचं नाव गांडूळबाई पाडलं तेव्हा मुख्याध्यापकांना वाटलं, आता रडारड होणार. पण बाई वर्गात आल्या, फळ्यावर आपल्या नावाखाली काढलेलं गांडूळ बघितलं आणि म्हणाल्या, "याला तोंड कुठंय? दोन्हीकडं शेपूटच काढलंय गाढवांनो." खडू घेऊन त्यांनी स्वतःच तोंड काढून दिलं. तेव्हापासून नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

बाई विज्ञान शिकवायच्या, पण धडा कुठलाही असो, गाडी शेवटी मातीवरच यायची. आवाजाचा धडा काढला तर पोरांना बाहेर नेऊन भुसभुशीत मातीवर आणि टणक मातीवर पाय आपटायला लावायच्या. पर्समध्ये कंगव्याशेजारी खुरपं. जेवणाच्या डब्यासारख्याच दुसऱ्या डब्यात मातीचा नमुना. एकदा डबे बदलले. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं भर दुपारी गिऱ्हाइकासमोर डबा उघडला. संध्याकाळी घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "आज भाजी जरा वळवळत होती."

शाळेमागं उताराचा एक तुकडा होता. झाडांचा पाला पडून पडून तिथली माती काळी, मऊ झाली होती. छपराचं सगळं पाणी तिथं मुरायचं. पोरांचे भाज्यांचे वाफे तिथंच, गांडुळं तिथंच. बाईंची खरी शाळा म्हणजे तो तुकडा. आणि नेमका तोच अध्यक्षांच्या डोळ्यात खुपला.

शाळेचे अध्यक्ष मनानं वाईट नव्हते. पण चिखलाचा ठिपका दिसला की अंगावर पाल पडल्यासारखे उडायचे. "बाई, तुमची ती माती चपलांना चिकटून वर्गात येते. सिमेंटचे ब्लॉक ठोकतो, कटकट मिटेल. पालकांच्या गाड्याही लागतील."

"साहेब, जिवंत आहे हो ती."

"कोण?"

"माती."

"मग रोज हजेरी घेत जा तिची!" अध्यक्ष स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले.

बाई हसल्या नाहीत. "जिवंत असल्याचं सगळ्यांसमोर दाखवलं तर?"

"दाखवा. नाही दाखवता आलं तर ब्लॉक."

बाईंनी पोरांना जमवून सांगितलं, की सुती कापड म्हणजे मातीतल्या जिवांचं जेवण. बुरशी, किडे, डोळ्यांना न दिसणारे बारके जीव, सगळे त्यावर तुटून पडतात. जिवंत मातीत पुरलेलं सुती बनियन दोन महिन्यांत खाऊन फस्त होतं. मरगळलेल्या मातीत तसंच पडून राहतं. पुरायचं कुठं? एक मागच्या तुकड्यात, एक पुढच्या मैदानात, जिथं गाड्या फिरून फिरून जमीन दगड झालेली. पोरांचे डोळे बशीएवढे झाले.

घरी बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुमची दोन जुनी बनियनं द्या."

"माझं एकही बनियन जुनं नाही. मुरलेली आहेत."

"मुरलेली द्या मग."

नवरा रात्रभर तळमळला. सकाळी त्यानं कागदात गुंडाळलेली दोन बनियनं बायकोच्या हातावर ठेवली, पण नजर भलतीकडंच. बाई घाईत होत्या. पांढरी बनियनं, त्यात बघायचं काय? नेली आणि पुरली.

दोन महिन्यांनी, उकरायच्या दिवशी पालक झाडून जमले. अध्यक्षांनी बसायला खुर्ची मागवली. पुढच्या मैदानातलं बनियन कुदळीनंच काढावं लागलं. मळलेलं, पण धडधाकट. बाई खुलल्या. "बघा! ही माती दबून दबून गुदमरलीय. हिला भूकच नाही. आता मागं चला!"

अध्यक्षांची खुर्चीही मागं आली. तिथं खुरपं लोण्यात जावं तसं गेलं. बाईंनी हात घातला, ओढलं, आणि बनियन बाहेर आलं. अख्खं. दोन्ही बाह्या, गळा, सगळं जागच्या जागी.

"अहो बाई," अध्यक्ष खुर्चीतून म्हणाले, "धुऊन वाळत घातलं की झालं!"

हशा पिकला. बाईंचे कान तापले. वर्षानुवर्षं जपलेला तुकडा डोळ्यांदेखत चालला होता. त्यांनी बनियन चिमटीत धरून ताणलं. ते रबरासारखं लांब झालं आणि सटकन परत आलं. बाईंनी मान वर केली.

"अहो!"

नवरा एका जाड्या पालकाच्या मागं होता. तो आणखी मागं सरकला.

"इकडं या. हे काय आहे?"

"अगं, नायलॉनचं आहे ते," नवरा पुटपुटला. "तुझ्या भावानं दिलेलं. अंगाला चावतं. सुती इतकी मऊ झालीत गं, जिवावर आलं माझ्या."

"इथं माझी जमीन चाललीय, आणि तुमच्या जिवावर आलं?"

"घरचं भांडण घरी," अध्यक्ष उठले. "दाखवता आलं नाही ते नाहीच. विषय संपला."

तेवढ्यात दोन वेण्यांच्या एका पोरीनं वर्गात करतात तसा हात वर केला. "बाई, मी माझं काढू का?"

"तुझं काय?"

"आम्हीपण पुरलंय. घरून आणून."

बाई बघतच राहिल्या. "आम्ही म्हणजे कोणी कोणी?"

एक हात वर गेला, दुसरा गेला, आणि बघता बघता सगळ्या पोरांचे हात वर. मग जी काय धांदल उडाली! काठ्या, पट्ट्या, डब्यांची झाकणं, मिळेल त्यानं उकराउकर. मातीतून चिंध्या निघायला लागल्या. नुसत्या शिवणी, नुसती बटणं, जाळी झालेले तुकडे. पालक एकेक वस्तू ओळखू लागले.

"मेल्या, हा माझा टॉवेल!"

"माझी ओढणी! कुत्र्यानं पळवली म्हणालीस ना गं?"

गणिताचे सर चार दोऱ्यांकडं टक लावून बघत होते. "हा माझा रुमाल होता," ते म्हणाले. "याचा आता अपूर्णांकही उरला नाही."

बाई हसत होत्या, रडत होत्या आणि ओरडत होत्या, "हळू रे! गांडुळं तुटतील!"

एवढ्यात अध्यक्षांची नात कोपऱ्यातून धावत आली. हातात इलास्टिकचं एक कडं, त्याला पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची एवढीशी झिरमिळी. "आजोबा, सापडली! तुमची चड्डी!"

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडं वळल्या.

"माझी कशावरून?" अध्यक्ष गुरगुरले.

"ही सेफ्टी पिन. इलास्टिक सैल झालं म्हणून तुम्हीच..."

"गप गं!"

पण सूनबाई गर्दी फोडून पुढं आल्या होत्या. "मामंजी! आणि तुम्ही त्या बिचाऱ्या इस्त्रीवाल्याचा उद्धार करून आलात. त्याआधी माझा!"

बाईंनी इलास्टिक दोन बोटांत धरलं आणि तोंड सरळ ठेवून धडा घेतात तसं सगळ्यांना दाखवलं. "कापड सुती होतं, ते संपलं. इलास्टिक पचलं नाही, ते उरलं. साहेब, माती जिवंत आहे. भूकही झकास आहे."

अध्यक्षांनी चेहरा कडक ठेवायचा लई प्रयत्न केला. पण आधी पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे फुटले, की खुर्ची एकीकडं आणि ते एकीकडं. "चांगली चड्डी होती हो माझी!" डोळे पुसत ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. नको ते ब्लॉक. गडप करणारी माती आहे ही, तिच्या छाताडावर कोण बसणार?"

पोरांनी अशी आरोळी ठोकली, की रस्त्यावरची माणसं थबकली. आणि त्याच आरोळीत फाटकातून एक ट्रक आत शिरला. अध्यक्षांना जिंकायची एवढी खात्री होती, की ब्लॉक आधीच मागवून ठेवले होते. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. शाळेच्या कडेनं मागं बघतो तर गुडघाभर खड्ड्यांत उभी पोरं, चिखलानं माखलेली बाई, चिंध्यांवरून भांडणारे पालक, आणि मातीत फतकल मारून हसणारा एक जाडा माणूस.

"पत्ता चुकला वाटतं," ड्रायव्हर म्हणाला.

"चुकला, चुकला!" अध्यक्ष बसल्या जागेवरून ओरडले. "घ्या मागं!"

बाई मात्र हातातलं खुरपं नाचवत ट्रकच्या दिशेनं पळत सुटल्या. "अहो, मैदानात वळवू नका! आल्या वाटेनंच सरळ मागं जा! त्या गुदमरलेल्या मातीलाही आता जरा श्वास घेऊ द्या!"