पाऊस पडेपर्यंत अनवाणी
मैत्रिणींनो, सकाळपासून कामात मन लागत नाही, म्हणून लिहिते.

आज आमच्या दूध सोसायटीच्या खोलीत पायांच्या तपासणीचं शिबिर होतं. पायांचे डॉक्टर होणाऱ्या पोरी सरांसोबत आल्या होत्या, पेशंट कसे सांभाळायचे ते शिकायला.

शेजारच्या काशाबाईला शुगर आहे. तळव्याला एवढी जखम झाली, तरी तिला कळलं नव्हतं. एक पोरगी म्हणाली, "मावशी, अनवाणी चालू नका. पाय कापावा लागेल."

"पाऊस पडंस्तोर चप्पल न्हाई घालायची, बाई. देवीला बोललेय मी."

पोरीनं कागदावर लिहिलं, 'पेशंट ऐकत नाही.' सरांनी ते खोडायला लावलं. "उद्या स्वतःच्या दवाखान्यात हेच लिहिशील? त्या कुणाचं ऐकतात ते विचार."

काशाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "हिनं घातली तर घालीन. दोघींचा नवस हाय, हिनंच सुचवलाय."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी माझ्या अनवाणी पायांकडं बघत राहिले.

काशाबाई तशीच अनवाणी घरी गेली.

आभाळ अजून कोरडंच आहे. नवस मोडला आणि पाऊस आलाच नाही तर, ही भीती जात नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर चप्पल घातली असती का?