पाण्याची घंटा

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की सोलापुरातलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, तेही कधीही. म्हणून नोकरी सोडून, आईच्या ओट्यावरच, पाणी येताच वाजणारी घंटा मी बनवली आणि नळाला बसवली. एका दुपारी ती खणखणली. "पाणी आलं की गं!" आई दारातून गल्लीत ओरडली. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या, पण नळातून नुसती हवा फुसफुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र हसत म्हणाली, "घंटा लई खणखणीत हाय की, पाणीच खोटं निघालं." आता माझा अशा घंटांचा कारखाना आहे; त्यातली एकही घंटा हवेला फसत नाही. तरी नवी घंटा तपासताना वाजली, की मी दाराकडे बघतो. घागर घेऊन कुणीच येत नाही.