नवऱ्यामुलाच्या आधी मोटारीला हळद

ये गं, जवळ बस. दारात पाहुण्यासारखी काय उभी राहतेस? दिवाळीला येते म्हणालीस, संक्रांतीला येते म्हणालीस, आणि का आली नाहीस, तर म्हणे गाडी सर्व्हिसिंगला दिली होती! आमच्याकडे बघ. आमच्या मोटारीला इथे सावद्यात परक्या माणसाचा हात कधी लागला नाही. लागला असता तर ती कुठेतरी वेळेवर पोचली असती.

ती काळी मोटार ह्यांनी जळगावच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली. तेव्हाच ती म्हातारी होती. चावी देताना डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, "बघ, किती जीव लावला होता!" मला विचारशील तर ते सुटकेचं पाणी होतं.

मग काय, आमच्या खळ्यात रोज दुपारी ऑपरेशन. केळीला पाणी द्यायला गडी, पण मोटारीच्या सेवेला हे स्वतः. पेट्रोलची टाकी गळाली की माझ्या धुण्याच्या साबणाची वडी ओली करून भोकात कोंबायची. गळणं थांबायचं हो, खोटं कशाला बोलू. धुणंही थांबायचं. एकदा सायलेन्सर लोंबायला लागला, तर ह्यांनी तो केळीच्या खोडाच्या वाळल्या सोपटाने बांधला. आम्हा केळीवाल्यांना वाटतं, जगातली कुठलीही वस्तू सोपटाने बांधता येते. फैजपूर येईपर्यंत सोपट पेटलं. रस्त्यावरचे लोक ओरडले, "नाना, मोटारीची शेपटी जळतेय!" हे खाली उतरले, शांतपणे माती टाकली आणि म्हणाले, "सोपट ओलं घ्यायला हवं होतं."

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण माझी बहीण अक्का, म्हणजे तुझी आजी, तिच्या थोरल्या लेकीच्या हळदीला आम्ही ह्याच मोटारीने धुळ्याला निघालो आणि मोटार वाटेत जी बसली ती बसलीच. मी पोचले तेव्हा मुलगी सासरी निघून गेली होती. अक्काने माझ्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर ना चिठ्ठी, ना बोलावणं. मग तुझ्या बापाचं लग्न ठरलं आणि यावलचा एक माणूस तिचा निरोप घेऊन आला, "हळद धाकटीच्या घरून यायची." बस, एवढाच. मला कळलं, अक्काने दार किलकिलं केलंय. ह्या वेळी चुकले तर ते कायमचं लागणार.

बागेच्या बांधावरची आमची स्वतःची हळद. पाच सवाष्णी बोलावल्या, गाणी म्हणत जात्यावर दळली, नव्या लाल फडक्यात बांधली. मी म्हटलं, "मी एसटीने जाते."

"घरची मोटार असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाई शहाणी झाली."

पण ह्यांचा चेहरा असा पडला, जसं मी मोटारीला नाही, त्यांच्या आईला नावं ठेवली. मग मी बसले मोटारीत.

जळगाव गेलं, एरंडोल गेलं. मी देवाचे आभार मानायला तोंड उघडलं आणि पुढून फुस्स करून वाफ आली. इंजिनचं पाणी ज्यात असतं तो रेडिएटर फुटला होता. भर उन्हात हे वाकून बघत राहिले, मग माझ्याकडे वळून अगदी लाडात म्हणाले, "अगं, थोडी हळद असेल का?"

"कशाला? त्याला थंडी वाजतेय?"

"गरम पाण्यात हळद टाकली की ती जाऊन भोकात बसते. ट्रकवाले तेच करतात. स्वयंपाकाची नाही घेतलीस?"

"लग्नाला निघालेय मी, पिठलं करायला नाही!"

तेवढ्यात एसटी दिसली. मी पदर हलवून हलवून थांबवू पाहिली. लग्नसराईतली एसटी ती, माणसं खिडकीतून बाहेर आलेली. कंडक्टरने आतूनच हात जोडले आणि धूळ उडवून गेली.

ऊन कलायला लागलं होतं. मांडीवर फडकं घेऊन मी विचार केला, अक्काला हळद हवी आहे की मी? दोन्ही वेळेवर जात नसतील तर काय आधी पोचायला हवं? मग गाठ सोडली. ह्यांनी ओल्या फडक्याने झाकण उघडलं, मी हळद ओतली. एक मूठ. दोन मुठी. "अजून थोडी," हे म्हणाले. मी म्हटलं, "देवाला सुद्धा एवढी कधी वाहिली नाही." कॅनमधलं पाणी भरलं. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली.

धुळ्यात मांडवापुढे मोटार उभी राहिली तेव्हा बायका हळदीच्या गाण्याला बसतच होत्या. अक्काने फडकं सोडलं. "एवढीच?"

मी उगाच पदर सारखा केला. हे मात्र कसले गप्प बसतात! चार पाहुण्यांना गोळा करून बॉनेट उघडलं, "बघा, मेकॅनिकशिवाय! शुद्ध घरची हळद!" सगळं इंजिन पिवळंधमक.

अक्काने वाकून आत पाहिलं. धुळ्यात राहून तिची बोली पार बदललेली. ती म्हणाली, "व माय! पहिली हयद ह्या डबल्याले? म्हणजे मना पोऱ्याले उष्टी हयद?"

आणि हसायला लागली. अशी हसली की डोक्यावरचा पदर खाली आला. मला हाताला धरून पाटाजवळ नेलं, हळदीत तेल जरा जास्तच ओतलं आणि पहिलं बोट माझ्या गालाला लावलं. "आली ना वेळेवर," म्हणाली, "बठ्ठं भेटनं माले." बठ्ठं म्हणजे सगळं गं. हळद पुरली हो, पण फिकी पडली. तुझा बाप नुसता तेलकट दिसत होता, आणि तुझ्या आईकडे जी उष्टी हळद गेली तिला हळद म्हणायचं ते केवळ मानाने.

त्या दिवसापासून आम्ही बहिणी पुन्हा बोलतोय ते आजतागायत. आता अक्काचे गुडघे दुखतात आणि मला दमा. फोनवर दोघी ओरडतो, दोघींनाही निम्मं ऐकू येतं. म्हणून सांगते, पुढच्या वेळी एकटी येऊ नकोस. अक्काला घेऊन ये, चार दिवस राहायला. आणि लवकर ये गं, महिना उलटू देऊ नकोस.