कढीतला थर्मामीटर

शेजारच्या नानांकडे परवा जेवायला गेलो, तेव्हा त्यांची सून वैशाली कढीच्या पातेल्यात थर्मामीटर धरून उभी होती. ताक फार तापलं की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, असं तिनं वाचलं होतं. तेव्हापासून या घरात कढी कोमटच मिळत होती. नानांच्या ताटातला भातही निवत चालला होता.

"ताप उतरला का गं कढीचा?" नानांनी विचारलं.

"नाना, जिवंत जिवाणूच पोटाला चांगले."

"अगं, मेलेलेही चालतात," नानांचा मुलगा मोबाइल पुढे करत म्हणाला. "पोस्टबायोटिक म्हणतात त्यांना. मेलेले जिवाणू, त्यांचे तुकडे, त्यांनी तयार केलेले पदार्थ. आतड्यांना, प्रतिकारशक्तीला मदत होते."

"सगळ्यांची नाही होत. ज्यांचा उपयोग तपासून सिद्ध झालाय, त्यांचीच. यात कढीचं नाव कुठंय?" वैशालीनं मोबाइलमध्ये डोकावत विचारलं.

कढीचं नाव त्यात नव्हतं. पण मेल्यावरही कुणाच्या तरी पोटाची काळजी वाहणारे जीव आहेत, ही बातमी दिलासा देणारी होती. माणूस जातो तेव्हा मागे बहुधा चष्मा, औषधांच्या अर्ध्या पट्ट्या आणि घडी घातलेल्या पिशव्यांचं कपाट उरतं. त्यातून कुणाचं पचन सुधारल्याचं ऐकिवात नाही.

वैशालीनं नानांच्या ताटाकडे पाहिलं, थर्मामीटर बाहेर काढला आणि गॅस मोठा केला. कढीला उकळी आली.

नानांनी फुंकर घालून मोठा भुरका मारला आणि डोळे मिटले.

"वाढ गं," ते म्हणाले, "मेलेल्यांच्या नावानं अजून एक वाटी."