ग्लासाच्या आकाराची इमारत

माझ्या साखरपुड्याची तयारी चालू होती, तेव्हा पारोळ्याच्या बाजारात कुणीतरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं की तुमचा होणारा जावई बंगळूरला बिअरच्या कंपनीत आहे. स्थळ आणणाऱ्या मामांनी आम्हाला रसायनांची कंपनी म्हणून सांगितलं होतं. आमच्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नव्हतं.

आबांनी साखरपुडा थांबवला आणि स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. मीही येते म्हटल्यावर आई रागावली. लग्नाआधी मुलगी मुलाच्या गावी गेली तर लोक काय म्हणतील, हा तिचा प्रश्न. पण तिथे राहायचं होतं मला. मी तेव्हा पाचोऱ्याला शाळेत शिकवत होते आणि आधीची दोन स्थळं मोडली होती. शेवटी आबाच म्हणाले, येऊ दे तिला.

मनमाडला गाडी बदलली, तिथून पुढे मला धड बसवेना की झोपवेना. मध्येच वाटायचं, तो चांगला पिणारा निघू दे, म्हणजे एकदाचं मोडेल. लगेच वाटायचं, बाजारातली गोष्टच खोटी असू दे. आबा खिडकीतून लोकांची शेतं बघत होते.

गोष्ट खोटी नव्हती, हे रिक्षातून उतरताच कळलं. समोर कंपनीचं मुख्य ऑफिस होतं, सात-आठ मजली, गोल, वर रुंद होत गेलेलं. काचा पिवळसर तांबड्या आणि माथ्यावर पांढरा फुगीर घुमट, फेस उतू जावा तसा. अख्खी इमारतच बिअरचा ग्लास. दोन बाया तिच्या सावलीत बसून मोगरा विकत होत्या. कुणीही मान वर करून बघत नव्हतं. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि ते रस्त्याच्या अलीकडेच उभे राहिले. मला तर तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

तेवढ्यात तो बाहेर आला. जामनेरकडचा, रसायनशास्त्र शिकलेला, पांढऱ्या कोटातला सडपातळ मुलगा. तो आबांच्या पाया पडला आणि कॅन्टीनमध्ये चहा घेऊ म्हणाला. आबांनी चहा नाकारला.

"बठ्ठं दखाडा," ते म्हणाले.

त्याने सगळं दाखवलं. खालच्या मजल्यावर बिअर बनवायची जुनी तांब्याची भांडी मांडून ठेवली होती, वर त्याची प्रयोगशाळा होती. एका ताटात बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव होते. आबांनी चिमूटभर उचलून हुंगलं आणि खाली ठेवलं. मग विचारलं, "खरं सांगा, तुम्ही पेतस का?"

"चाखावी लागते, आबा. कामच आहे ते," तो म्हणाला. "पार्टीत एखादा ग्लास घेतलाही आहे. घरी कधी आणली नाही."

मग मीच विचारलं, की रसायनांची कंपनी असं का सांगितलं? त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "पण तुमच्या मामांनी तसं सांगितलंय हे कळलं, तेव्हा गप्प बसलो. स्थळ जाईल अशी भीती वाटली."

परतीच्या गाडीत दौंड मागे पडलं. तेव्हा आबा हळूच म्हणाले, "तुनं मन काय सांगस?"

मन काहीच धड सांगत नव्हतं. तो विचारल्यावर खोटं बोलला नाही आणि विचारेपर्यंत खरंही बोलला नव्हता. यातलं कुठलं मोठं धरायचं, ते मला ठरवता येत नव्हतं. मी होकार दिला तो आणखी पंधरवड्याने.

हळदीच्या दिवशी आबांनी सगळ्या भाऊबंदांसमोर जावयाची कंपनी कशाची ते सरळ सांगून टाकलं. मोठी आत्या तिथूनच उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती लग्नाला आली, जेवली मात्र नाही.