सासऱ्यांना न आवडलेली गाडी

कंपनीने ती मोटारसायकल बंद केली तेव्हा जळगावात हळहळणाऱ्यांची रांग लागली. मला त्या सगळ्यांचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

नव्वद सालच्या आसपास मी स्टेशनजवळच्या एका एजन्सीत गाड्यांच्या बुकिंगचे फॉर्म भरायची. धरणगावहून रोज एसटीने ये-जा करायची. शोरूमच्या काचेपाशी ती उभी असे. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, लाल टाकी. मिस्त्रीने किक मारली की समोरच्या हॉटेलातली माणसं चहा तसाच ठेवून बाहेर येत. कॉलेजची पोरं तिच्यावर बसून फोटो काढून घेत, नवरदेव वरातीपुरती मागायला येत. अख्खं गाव तिच्यावर फिदा होतं आणि माझ्या फॉर्मच्या गठ्ठ्यात महिनोन्महिने तिचा एकही फॉर्म नसे.

कारण साधं होतं. आमच्याकडे मोटारसायकल चालवणारा ती विकत घेतच नसे. लग्नात मुलीचा बाप घ्यायचा. दोन भाऊबंद सोबत घेऊन यायचा, टाकीवरून हात फिरवायचा आणि विचारायचा, "आवरेज कितलं देस?" आकडा ऐकला की हात मागे घ्यायचा आणि शेजारच्या करड्या, गरीब स्वभावाच्या गाडीकडे वळायचा. जावयाला काय आवडतं हे कुणी विचारायचं नाही. मुलीला तर नाहीच नाही.

कंपनीचा माणूस बंदचं पत्र घेऊन आला तेव्हा मी मध्येच बोलले, "लोकांना आवडते ना पण?"

"आवडते हो ताई. घेत कुणी नाही."

"तुम्ही सासऱ्यांना विचारलंत. चालवणाऱ्यांना कधी विचारलंत?"

तो हसला आणि एजन्सीच्या शेठनी मला चहा सांगायला पाठवलं.

मला इतकं लागण्याचं कारण म्हणजे मी ती चालवत होते. मिस्त्री सकाळी ट्रायलसाठी गाड्या मेहरूणच्या तलावाकडे न्यायचा. एकदा मी हट्टच धरला आणि त्याने शिकवलं. पहिल्याच किकला पेडल उलटून नडगीवर बसलं, काळंनिळं झालं. घरी सांगितलं की एसटीच्या पायरीवर पडले. महिन्याभरात मी तलावाला दोन फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या गिअरला ती अशी उसळायची की मला मोठमोठ्याने हसू फुटायचं. तेवढं मोकळं मी दुसरीकडे कुठेच हसत नव्हते.

शोरूममध्ये शेवटची एकच उरली होती. मालेगावचा एक गॅरेजवाला ती सुट्या भागांसाठी मागत होता. शेठ आज-उद्या देऊन टाकणार होते.

त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं. मुलगा धुळ्याचा, सरकारी कचेरीतला. बोलणीत गाडी आलीच. "गाडी त देनीच पडी," माझे वडील, आबा, म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन थेट आमच्याच शोरूममध्ये आले. माझ्या लग्नातली गाडी माझ्याच टेबलावर बुक व्हायची होती.

मुलगा सरळ लाल गाडीकडे गेला. बसला, हँडल धरलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला तो क्षणभर फार आवडला. वाटलं, हा आता हीच मागणार. तेवढ्यात त्याच्या वडिलांनी आवरेज विचारलं. शेठनी सांगितलं.

"उतर," त्याचे वडील म्हणाले.

तो उतरला. जाऊन करड्या गाडीपाशी उभा राहिला.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या बापाकडून गाडी घ्यायला याला लाज वाटत नाही आणि आपल्या बापाकडे आपली आवड सांगायला जीभ उचलत नाही! उद्या मला काय आवडतं हे हा कुणापुढे सांगणार होता? मी फॉर्म पुढे ओढला, गाडीच्या रकान्यात शेवटची लाल गाडी लिहिली आणि ग्राहकाच्या रकान्यात माझं नाव.

"आबा, यांना गाडी द्यायची नाही. ही मी माझ्या पगारातून हप्त्याने घेतेय. माझ्यासाठी."

पाहुणे त्याच पावली धुळ्याला गेले. लग्न मोडलं. धरणगावात आमच्या ओट्यावर येऊन लोक आबांना समजावून गेले की पोरीला नोकरी करू दिली, हीच चूक. आबा पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज रडले आणि रोज पावणेआठची एसटी पकडून कामाला गेले.

गाडी ताब्यात मिळायच्या दिवशी मी हार आणला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेठ म्हणाले, "नारळ फोडायला घरातलं कुणी येणार आहे का?" मी आहेच की, असं म्हणतेय तोच आबा दारात दिसले. इस्त्रीची टोपी घालून आले होते. त्यांनी माझ्या हातातून नारळ घेतला आणि फोडला. मग सवयीने टाकीवरून हात फिरवला.

"आवरेज..."

"आधी बसा मागे," मी म्हटलं.

तलावापर्यंत त्यांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. तिसरा गिअर पडला तशी त्यांची टोपी उडाली आणि माझ्या कानाशी कुणीतरी खदखदून हसलं. आबांना तसं हसताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. थांबलो, टोपी शोधली. आबा ती झटकत झटकत गाडीकडे बघत राहिले.

"इतली चांगली गाडी. बंद काबर करी कंपनीनी?"

"तुम्ही घेतली नही म्हनीसन, आबा."