ओव्हरटाइम धरून

माझ्या नवऱ्याला अमेरिकन फुटबॉलची गोडी लागली ती आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीला आल्यावर. तो नागपूरचा, मी पुण्याची. दोघंही आयटीत, दोघांचे व्हिसा आपापल्या कंपनीचे. ऑफिसातल्या गप्पांत मागे पडू नये म्हणून तो सामने बघायला लागला. मग फोनवर बेटिंगचं ॲप आलं. इथे ते कायदेशीर, सामन्याच्या दर ब्रेकला त्याच्याच जाहिराती. पिझ्झाच्या पैशांइतकी पैज लावायचा, म्हणून मलाही वावगं वाटलं नाही.

कोण जिंकणार यावर तो पैसे लावत नसे. ‘त्यात नशीब फार,’ म्हणायचा. त्याची पैज असायची दोन्ही संघांच्या मिळून एकूण गुणांवर. ॲप एक आकडा देतं. गुण त्याच्या वर जातील की खाली राहतील, ते आपण सांगायचं. एकदा त्याने ‘वर’ धरलं होतं आणि सामना संपत आला तरी गुण अगदीच कमी होते. पण बरोबरी झाली, ओव्हरटाइम झाला, दोन्ही संघांनी भराभर गुण केले आणि गेलेली पैज हातात आली. त्या संध्याकाळी त्याने मला नियम समजावले. कॉलेजच्या सामन्यात ओव्हरटाइमला घड्याळ नसतं. दोन्ही संघांना आळीपाळीने गोलरेषेच्या जवळूनच चेंडू देतात, म्हणून गुण फुगतात. आणि पैजेचा निकाल ओव्हरटाइम धरून लागतो. मी भांडी लावत हं हं करत होते. तो मात्र एखादी किल्ली सापडल्यासारखा बोलत होता.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. थंडीतला शनिवार, दुपार, कॉलेजचा सामना. मी थालीपिठं लावत होते, तो सकाळपासून सोफ्यावरून उठला नव्हता. या वेळी त्याने ‘खाली’ धरलं होतं: एकूण गुण पंचेचाळीसच्या आत. शेवटचं मिनिट आलं तेव्हा सतरा-चौदा झाले होते. तो हसून म्हणाला, “झालं. आता काहीही झालं तरी आपलंच आहे.”

आमची मुलगी धावत आली. “बाबा, डिड वी विन?”

शेवटच्या काही सेकंदांत मागे असलेल्या संघाने किक मारून तीन गुण घेतले. सतरा-सतरा. स्टेडियममध्ये जल्लोष झाला. माझा नवरा उभा राहिला.

“अरे, संपलं ना? चौतीसच झाले,” मी म्हणाले.

“बरोबरी झाली,” तो म्हणाला. “गप्प बस जरा.”

ओव्हरटाइममध्ये पहिल्या संघाने सात गुण घेतले. एक्केचाळीस. आता दुसऱ्या संघाला अडवलं असतं तर सामना तिथेच संपला असता. त्यांना चार संधी होत्या; तीन वेळा अडवलंही. चौथ्या वेळी चेंडू उंच गेला आणि कोपऱ्यात एका खेळाडूने तो पडता पडता झेलला. सहा गुण. सत्तेचाळीस.

त्याने टीव्ही बंद केला. पुढे कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही.

“किती लावले होते?” मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “घराचे.”

“कुठल्या घराचे?”

“आपल्या.”

आम्ही एक घर बघून ठेवलं होतं. मुलीने त्यातली खोलीसुद्धा निवडली होती. डाउन पेमेंटचे पैसे दोघांच्या पगारातून साठवलेले. तव्यावरचं थालीपीठ करपलं, मुलीने खिडकी उघडली. थंडगार वारा आत आला आणि कोणीच ती बंद करायला उठलं नाही.

त्याच आठवड्यात मी मुलीला घेऊन एडिसनला माझ्या आईच्या मैत्रिणीकडे गेले. त्या काकूंनी काही विचारलं नाही, नुसता वरणभात वाढला. तो जुगार सुटावा म्हणून एका मदतगटात दोनदा गेला, तिसऱ्यांदा गेला नाही. मीटिंग चालू असताना फोनवर पैजा लावतो हे ऑफिसात लक्षात आलं. नोकरी गेली, मग व्हिसा गेला आणि तो नागपूरला परतला. मी इथेच राहिले. भाड्याच्याच घरात.

मागच्या महिन्यात सासऱ्यांचा फोन आला. आधी नातीची चौकशी केली, मग म्हणाले, “सूनबाई, एक विचारू? त्याचं म्हणणं आहे की खेळ संपल्यावरचे गुण त्यांनी धरले, म्हणून तो फसला. असं करतात का गं?”

“खेळ संपला नव्हता, बाबा. बरोबरी झाली की पुढे खेळतात. ते गुण धरतातच.”

“हे कुठे लिहिलेलं असतं?”

“ॲपमध्येच असतं. सगळ्यांना दिसतं.”

पलीकडे त्यांच्या घरातला पंखा घरघरत होता.

“म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं?”

“हो, बाबा,” मी म्हणाले. “मला त्यानेच शिकवलं.”

ते “बरं, जेवून घे,” म्हणाले आणि फोन ठेवला.